विष्णू विजय आणि अशांत: एकच पिक्चर, दोन मालक

आधीच सांगून टाकतो, हा काय लय भारी पिक्चर नाही. १९९३ सालचा पोलीस-गुंड-हाणामारी टाईपचा माल आहे, त्यात गाणी आहेत, एक जुनं प्रेम आहे, दोन व्हिलन आहेत आणि डोकं बाजूला काढून ठेवायची सोय आहे. तरी पण मी तो दोनदा बघितला, म्हणजे एकदा हिंदीत 'अशांत' म्हणून आणि एकदा कन्नडमध्ये 'विष्णू विजय' म्हणून, कारण दोन्ही एकाच वेळी शूट केलेले आहेत, डब नाहीत, आणि बेळगावात वाढलेल्या माणसाला ही असली गंमत सोडवत नाही. आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीवर हिंदी असा कारभार असतो, त्यामुळे हिरो दोन भाषांत बोलला तर आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही, पण एकच पिक्चर दोन भाषांत लागोपाठ बघितला तर मात्र मजा येते. भाषा बदलली की पिक्चरचा मालकच बदलतो. हिंदीत तो अक्षय कुमारचा पिक्चर आहे आणि साऊथचा एक मोठा पाहुणा त्यात आलाय. कन्नडमध्ये तो सरळ सरळ विष्णूवर्धनचा पिक्चर आहे आणि मुंबईचा एक उड्या मारणारा पोरगा त्यात आलाय. कथा तीच, नटनट्या त्याच, दिग्दर्शक तोच, केशू रामसे.

आता कोण म्हणेल एवढा खटाटोप कशाला, डब करून टाकायचा की. तर तेच तर. कर्नाटकात त्या काळी डबिंग चालायचंच नाही. कायदा वगैरे नव्हता, पण साठच्या दशकातल्या आंदोलनापासून कन्नड इंडस्ट्रीनं ठरवूनच टाकलेलं की दुसऱ्या भाषेतला पिक्चर कन्नडमध्ये डब करून इथं लावायचा नाही, आणि लावायची कुणाची छाती पण नव्हती. ते प्रकरण २०१५ मध्ये स्पर्धा आयोगानं फटकारल्यावर ढिलं पडलं, आणि त्यानंतर २०१७ मध्ये तमिळ हिरो अजितचा एक पिक्चर 'सत्यदेव आयपीएस' नावानं कन्नडमध्ये डब होऊन आला, तो पण पोलिसाचाच. म्हणजे १९९३ मध्ये मुंबईच्या निर्मात्याला कर्नाटकातला प्रेक्षक त्याच्या भाषेत पाहिजे असेल तर एकच रस्ता होता, कन्नड हिरो घ्या आणि सीन परत कन्नडमध्ये शूट करा. आज केजीएफ आणि कांतारा हिंदीत डब होऊन गावोगावी चालले हे बघितलेल्या पोरांना हे सगळं विचित्र वाटेल, तेव्हा गंगा उलटी होती आणि तिच्यावर बांध पण होता.

असले दोन भाषांतले पिक्चर करायची पद्धत साधी असायची. सेट एक, लाईट एक, कॅमेरा हलवायचा नाही, आधी एका भाषेत टेक घ्यायचा, ओके झाला की लगेच दुसऱ्या भाषेत. कपडे बदलायचे नाहीत, विगचा केस पण हलवायचा नाही. फायटिंग, गाड्या, लांबून घेतलेले शॉट एकदाच घ्यायचे, कारण बुक्कीला भाषा नसते, आणि रीळ तेव्हा महाग, प्रत्येक फूट मोजून वापरायचं. त्यामुळे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघितल्या की मारामारी सेम टू सेम वाटते आणि फरक सगळा तोंडाजवळ, म्हणजे क्लोजअपमध्ये सापडतो. ओठ बघायचे. प, ब, म म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत, त्याला इलाज नाही. आवाजात 'सब' ऐकू आलं आणि पडद्यावर ओठ उघडेच राहिले की समजायचं इथं आवाज नंतर चिकटवलाय. आणि कन्नडमधला जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, बेकू, अल्ला, बन्नी, त्यामुळे कन्नड बोलणाऱ्याचं तोंड वाक्य संपलं तरी जरा उघडंच राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की पिक्चर बघायचा सोडून तुम्ही ओठच बघत बसता, मी बसलो. मी कन्नडमध्ये अक्षयचे सीन असे बघितले, ओठ एकीकडं आणि आवाज दुसरीकडं, आणि तो आवाज काय त्याचा वाटत नाही. विष्णूवर्धनचं कन्नडमध्ये असं कुठं होत नाही, तिथं तो घरी आहे.

गोष्ट थोडक्यात अशी, की एक एसीपी विजय, मुंबईचा, तो अक्षय. एक एसीपी विष्णू, बंगलोरचा, तो विष्णूवर्धन. कन्नड नावात दोघांची पण नावं बसवून टाकली आहेत. दोघं मिळून गुंडांच्या मागं. आणि मधे सोनाली, म्हणजे अश्विनी भावे, जी एकेकाळी विजयची होती आणि आता विष्णूची बायको आहे. पुढचं सांगत नाही, सांगण्यासारखं फार नाही पण. ज्यानं नव्वदच्या दशकातले चार पिक्चर बघितलेत त्याला इंटरव्हलच्या आधीच वास येतो.

एक गोष्ट मात्र खटकते. मुंबईच्या एसीपीला बंगलोरात काय अधिकार? दुसऱ्या राज्यात जाऊन माणूस धरायचा तर आधी तिथल्या पोलीस स्टेशनला कळवायचं, धरल्यावर तिथल्या मॅजिस्ट्रेटसमोर उभा करून ट्रान्झिट रिमांड घ्यायचा, मग गाडीत घालून आणायचा. बेळगाव-कोल्हापूर हायवेवर राहणाऱ्याला हे माहीत असतंय, इकडं काहीतरी करून निपाणी ओलांडून पळणारे लोक आमच्या पेपरात रोजचेच. खरं तर दोन राज्यांचे दोन पोलीस, दोघांची हद्द वेगळी, दोघांची भाषा वेगळी, यातच केवढा मसाला होता! कोणाच्या हद्दीत कोण, केस कोणाची, श्रेय कोणाचं. पिक्चरला त्याच्याशी देणंघेणं नाही, दोघं गॉगल लावून निघतात. आणि बारकं सांगायचं तर मी कर्नाटकातल्या पोलिसांचा पिक्चर लावला की पहिली ती हॅट शोधतो, आमच्याकडच्या कॉन्स्टेबलची एका बाजूनं वर दुमडलेली हॅट, जी २०२५ पर्यंत होती आणि महाराष्ट्रात गेलं की गायब व्हायची. इथं गोष्टच साहेब लोकांची आहे आणि साहेबांच्या टोप्या सगळीकडं सारख्याच, त्यामुळे दोन राज्यांतला फरक टोपीवरून पण कळत नाही आणि वागण्यावरून पण नाही.

आता मेन माणूस. विष्णूवर्धन महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे मला शंका आहे, सोलापूर-अक्कलकोट, जत, गडहिंग्लज साईडला असतील, पुण्या-मुंबईत विचारलं तर दिग्दर्शक विष्णुवर्धन का म्हणतील. हा तो नाही. हा म्हैसूरचा, मूळ नाव संपतकुमार, १९७२ च्या 'नागरहावू'मधला रामाचारी, दिग्दर्शक पुट्टण्णा कणगालांचा हिरो. त्याच पुट्टण्णांनी नंतर ते हिंदीत ऋषी कपूरला घेऊन केलं, ते चाललं नाही. कर्नाटकात कन्नड सुपरस्टार राजकुमारच्या खालोखाल ज्यांच्या नावानं रिक्षाच्या पाठी रंगल्या त्यातला हा, 'साहस सिंह' म्हणतात, आणि ते नाव पण १९८२ च्या पिक्चरवरून, ज्यात तो इन्स्पेक्टरच होता. म्हणजे खाकी त्याला नवी नव्हती. २००९ च्या डिसेंबरात गेला तेव्हा बंगलोरात काय झालं ते ज्यांनी बघितलं ते अजून सांगतात.

तर या माणसाची खासियत म्हणजे तो आरडाओरडा न करता पण पडदा भरून टाकतो. १९९३ मध्ये तो त्रेचाळीस वर्षांचा, जरा सुटलेला, आणि शेजारी पंचविशीतला अक्षय जो उभा राहिला तरी उडी मारल्यासारखा दिसतो. दुसरा कोण असता तर बारीक दिसायला धडपडला असता. हा तसलं काही करत नाही, तो आपला वजनदारपणे चालतो, मान जरा तिरकी, आणि वाक्य हळू टाकतो. घरातल्या सीनमध्ये, म्हणजे बायको, जुना प्रियकर आणि आपण असं तिघं जिथं समोरासमोर आहेत, तिथं तो कमी बोलतो तेच बरं वाटतं. हिंदीत मात्र त्याच्या वाक्यांना तो ठेका राहत नाही. कन्नडमध्ये तो एखादं वाक्य मधे थांबवून शेवटचा शब्द असा खाली ठेवतो ना, की थेटरात शिट्टी वाजायला दोन सेकंद मिळावीत, ती दोन सेकंदं हिंदीत कोणी ठेवलेलीच नाहीत. हिंदीवाल्याला वाटलं असेल हा कोण शिट्टी वाजवायच्या लायकीचा, आमच्याकडं तर याला कोण ओळखत नाही. म्हणून म्हटलं मालक बदलतो.

अक्षय बद्दल लोक उगाच नावं ठेवतात. अॅक्टिंग विचाराल तर तेव्हा त्याच्याकडं दोन चेहरे होते, एक हसरा आणि एक दात आवळलेला, आणि प्रेमभंग झाला की तो दात आवळलेला चेहराच वापरायचा. पण अंग काय हलायचं त्याचं! आदल्या वर्षी 'खिलाडी' चालला होता, पुढच्या वर्षी 'मोहरा' येणार होता, त्या दोघांच्या मधला हा काळ, जेव्हा त्याला अजून कोणी कॉमेडी कर म्हणालं नव्हतं आणि देशभक्ती कर पण म्हणालं नव्हतं. लाथ मारताना तो खरंच लाथ मारतो, त्याचा डुप्लिकेट पाठमोरा दाखवून काम भागवलंय असं फार कमी वेळा वाटतं. फायटिंगचे सीन दोन्ही भाषांत सारखेच असल्यामुळे तिथं मात्र कन्नडमध्ये पण तोच भाव खाऊन जातो, विष्णूवर्धनचे फॅन काही म्हणोत.

आता आपली अश्विनी भावे. मराठी माणूस हा पिक्चर बघणार तो निम्मा तिच्यासाठीच, हे कबूल करा. 'अशी ही बनवाबनवी'तली लिंबू कलरची साडी १९८८ ची, 'हिना' १९९१ चा, आणि १९९३ ला ती इथं बंगलोरच्या पोलिसाची बायको. तिला काम काय दिलंय तर दोन पुरुषांच्या मधे उभं राहून डोळ्यात पाणी आणायचं. आणि तरी बघा, तिघांत सगळ्यात खरं काम तिचंच वाटतं. जुन्या माणसाला अचानक समोर बघितल्यावर बाई काय करेल, तर आधी घर बघेल, नवरा कुठं आहे ते बघेल, हाताला काहीतरी काम शोधेल. अश्विनी असलं बारीक काम डोळ्यांनीच करते, संवाद फालतू असला तरी. मराठीत तिला जे रोल मिळाले ते बघता हिंदीनं तिला वाया घालवलं असं माझं पहिल्यापासून मत आहे आणि हा पिक्चर त्याचा एक पुरावा म्हणून ठेवायला हरकत नाही. लिहिणाऱ्यांनी तिला एक तरी सीन असा द्यायचा होता जिथं ती दोघांना पण चार शब्द सुनावते. नाही दिला असं वाटून चिडचिड झाली.

दुसरी आपलीच, ममता कुलकर्णी. तिचा हा सुरुवातीचाच काळ, 'तिरंगा' आणि 'आशिक आवारा' पण त्याच साली. तिला इथं रंग भरायला ठेवलंय, ती भरते, विषय संपला. पण कन्नड पिक्चरमध्ये दोन्ही बायका मराठी आणि एक हिरो मुंबईचा, मग कन्नड राहिलं कोण, तर मेन एकटा विष्णूवर्धन. ते सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर, हे कन्नड आवृत्ती बघताना सारखं जाणवतं.

व्हिलनची जोडी बघून मात्र मी हसलो. पंकज धीर आणि पुनीत इस्सर! कर्ण आणि दुर्योधन, महाभारत संपून तीन वर्षं झालेली आणि मैत्री अजून शाबूत. त्यांना बघताना सारखं वाटतं आता कोणीतरी 'मित्र' म्हणेल. लॉकडाऊनमध्ये ज्यांनी महाभारत परत बघितलं त्यांनी हे आवर्जून बघावं. पुनीत इस्सर आणि बंगलोर म्हटलं की 'कुली' पिक्चरचा तो १९८२ चा अपघात आठवतोच, याच्याबरोबरच्या मारामारीच्या सीनमध्ये अमिताभला लागलं ते बंगलोरलाच शूटिंग चालू असताना, आणि त्यानंतर बिचाऱ्याच्या कामावर किती परिणाम झाला ते त्यानं स्वतः बऱ्याच मुलाखतीत सांगितलंय. इथं त्याला मनसोक्त मारामारी करायला मिळते ते बरं झालं.

रामसे म्हटल्यावर भुतं आठवणार. सात भाऊ, एक कॅमेरा बघणार, एक साऊंड, एक लिहिणार, एक एडिटिंग, म्हणजे घरातल्या घरात युनिट तयार. १९७२ चा त्यांचा गाजलेला भुताचा पिक्चर आपल्या महाबळेश्वरला केलेला. केशू त्यातलाच, पण त्यानं भुतं सोडून हाणामारीचा रस्ता धरला, आणि पुढं २००४ चा 'खाकी' निर्माता म्हणून त्याचाच, त्यात पण पोलीस आणि त्यात पण अक्षय. 'अशांत' आणि 'खाकी' एकाच माणसाच्या खिशातून आले हे खरं वाटत नाही. पण एक आहे, रामसे लोकांची काटकसर इथं पण दिसते. कमी जागा, कमी माणसं, आणि अंधार लाईट लावून असा करायचा की सेट स्वस्त आहे ते दिसू नये. रात्रीचे सीन त्यामुळे दिवसाच्या सीनपेक्षा बरे झालेत. दिवसा मात्र सगळं उघडं पडतं.

आणि हा विष्णूवर्धनचा रामसेंबरोबर पहिला डाव पण नव्हे. दोन वर्षं आधी, १९९१ ला, तुलसी आणि श्याम रामसे या भुतवाल्या जोडीनं त्याला घेऊन असाच दोन भाषांतला पोलिसाचा पिक्चर केला होता, कन्नडमध्ये 'पोलीस मत्तु दादा', हिंदीत 'इन्स्पेक्टर धनुष', हिरॉईन संगीता बिजलानी. म्हणजे हिंदीत शिरायचं तर भुताच्या वाड्यातून, असला रस्ता त्याच्या वाट्याला आला. अंबरीश, शंकर नाग, विष्णूवर्धन, एकेक दमदार गडी होते कन्नडमध्ये, पण मुंबईनं त्यांना कधी मोठ्या बॅनरचा दरवाजा उघडला नाही. ज्या शंकर नागला सगळा देश 'मालगुडी डेज' या टीव्ही मालिकेमुळं ओळखतो, तो कर्नाटकात एस. पी. सांगलियानाच्या खाकीत किती मोठा होता ते आपल्याकडं कोणाला सांगून पटत नाही. तो पिक्चर बघा एकदा, खऱ्या आयपीएस अधिकाऱ्याच्या नावावर केलेला, मग 'विष्णू विजय'मधला पोलीस किती हवेतला आहे ते कळेल. कन्नडमध्ये पोलिसाच्या पिक्चरची चांगली जमीन तयार होती, केशू रामसेनं ती बघितलीच नाही, मुंबईचं बी आणून टाकलं.

गाणी जतिन-ललितची, म्हणजे 'खिलाडी'वालीच जोडी. ऐकायला गोड आहेत, पण पोलिसाच्या पिक्चरमध्ये दर वीस मिनिटांनी कोणीतरी डोंगरावर जातंय म्हटल्यावर गुंड पण कंटाळत असतील. कन्नडमध्ये तीच गाणी जरा अंग चोरून बसल्यासारखी वाटतात, शब्द चालीत कोंबलेत हे कळतं.

कोणता बघायचा विचाराल तर कन्नड थोडं जरी कळत असेल, म्हणजे 'ऊटा आयता', जेवण झालं का, विचारण्याएवढं, तर कन्नड बघा. प्रिंट चांगली मिळेल याची अपेक्षा ठेवू नका, मी बघितलेली दोन्ही अशी होती की खाकी कधी हिरवी दिसायची कधी चॉकलेटी. कन्नड अजिबातच येत नसेल तर हिंदी लावा, पण मग अक्षय, अक्षय करत बघू नका, त्या जरा सुटलेल्या, मिशीवाल्या एसीपीवर लक्ष ठेवा. गाणी पळवली तरी चालतील. अश्विनीचे सीन पळवू नका, आणि शेवटची मारामारी आवाज वाढवून बघा, शेजारच्या काकू ओरडल्या तर त्यांना अश्विनी भावे आहे म्हणून सांगा, त्या पण येऊन बसतील.